शब्दचर्चा: ‘काउंटरचा आकडा चुकतो’ म्हणजे नेमकं काय चुकतं? (प्रत्येक भागाच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

मोजपट्टी

प्रोसेसरमधल्या परफॉर्मन्स काउंटरवर (प्रोग्रॅम चालताना आज्ञा, चक्रं, कॅश-मिस अशा घटना मोजणारं हार्डवेअर) मराठीत एक मार्गदर्शिका तयार होते आहे. वाचक म्हणजे अभियांत्रिकीचे शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी आणि लिनक्सवर ‘पर्फ’ (हे काउंटर वाचणारं साधन) वापरणारे नवे प्रोग्रॅमर. त्यातलं ‘आकडे बरोबर येत नसतील तर’ हे प्रकरण शब्दांपाशी अडलं आहे. इंग्रजी पुस्तिकांत सगळीकडे ‘इनॲक्युरेट’ हा एकच शब्द येतो. मराठीत ‘चुकीचा’, ‘अशुद्ध’, ‘सदोष’ की ‘अंदाजी’? शिवाय काउंटरला ‘गणक’ म्हणावं का? ‘मल्टिप्लेक्सिंग’, ‘स्किड’, ‘ओव्हरकाउंट’, ‘रिटायर्ड इन्स्ट्रक्शन’ यांना विद्यार्थ्यांना अडणार नाहीत असे शब्द हवे आहेत.

आकडेमोड

‘काउंटर’ तसाच ठेवा. ‘गणक’ म्हटलं की वाचक संगणकाकडे किंवा गणकयंत्राकडे जातो. ‘रीडिंग’साठी ‘वाचन’ मात्र नको, ‘आकडा’ पुरेसा आहे.

मुख्य अडचण ‘इनॲक्युरेट’ची. त्या एका शब्दाखाली चार निरनिराळ्या गोष्टी येतात आणि चौघींचे उपाय वेगळे आहेत. एक, काउंटर पूर्ण वेळ चाललाच नाही आणि दाखवलेला आकडा हिशेबाने वाढवलेला आहे. दोन, संख्या ठीक आहे, पण ती चुकीच्या ओळीच्या नावावर पडली. तीन, काउंटरने बरोबर मोजलं, पण त्या घटनेची व्याख्या आपण समजतो ती नाही. चार, हार्डवेअरच चुकतं. मराठीत चारही ‘चुकीचं’ म्हणून सोडलं तर विद्यार्थी चौथ्या प्रकारापासून शोध सुरू करतो. प्रत्यक्षात पहिला आणि तिसरा प्रकार सगळ्यात जास्त भेटतात.

पहिल्या प्रकाराला माझा शब्द ‘अंदाजी आकडा’. त्यामागच्या क्रियेला ‘पाळीने मोजणी’ म्हणा, मल्टिप्लेक्सिंगचा अर्थ त्यात पुरता येतो. इंटेलच्या स्कायलेक पिढीच्या प्रोसेसरमध्ये ठरावीक कामाचे 3 काउंटर असतात: आज्ञा (इन्स्ट्रक्शन), चक्रं (सायकल) आणि ठरलेल्या वेगाची संदर्भ चक्रं. हव्या त्या घटनेला लावता येणारे काउंटर हायपरथ्रेडिंग (एका गाभ्यावर, म्हणजे कोरवर, दोन थ्रेड) चालू असताना प्रत्येक थ्रेडला 4 मिळतात, बंद असताना 8. नंतरच्या आइस लेक पिढीपासून थ्रेडमागे 8 झाले. एएमडीच्या झेनमध्ये 6 आहेत. त्यातून लिनक्सचा एनएमआय वॉचडॉग (अडकलेल्या सीपीयूवर नजर ठेवणारी सोय) चालू असेल तर एक काउंटर तो अडवून बसतो. तुम्ही दहा घटना मागितल्या की कर्नल त्यांना आलटून पालटून काउंटर देतो आणि शेवटी त्रैराशिक मांडतो. 10 सेकंदांच्या चालीत (रनमध्ये) एखाद्या घटनेला 2.5 सेकंद काउंटर मिळाला आणि त्यात 4 कोटी मोजले गेले, तर पडद्यावर 16 कोटी दिसतात. ‘पर्फ स्टॅट’च्या ओळीत शेवटी कंसात 25 टक्के असं छापलेलं असतं. मार्गदर्शिकेत त्या कंसावर मोठा बाण काढा.

‘त्रैराशिक’ हा शब्द इथे जरूर वापरा. शाळेतच शिकवलेलं असतं की प्रमाण सम असेल तरच त्रैराशिक चालतं. प्रोग्रॅम पहिली 2 सेकंदं फाइल वाचत असेल आणि पुढची 8 गणित करत असेल, तर ते सम नाही. छोट्या प्रोग्रॅमचं तर आणखी वाईट. कर्नलचा टिक 250 हर्ट्‌झ असेल तर पाळी साधारण 4 मिलिसेकंदांनी बदलते, म्हणजे 20 मिलिसेकंदांत संपणाऱ्या प्रोग्रॅमला जेमतेम पाच पाळ्या मिळतात. त्यावरून काढलेल्या आकड्याला काही अर्थ नाही.

उपाय असे. प्रत्येक चालीत घटना तीन-चारच ठेवा आणि प्रोग्रॅम अनेकदा चालवा. ज्या दोन आकड्यांचं गुणोत्तर काढायचं त्या घटना महिरपी कंसात एकत्र द्या, म्हणजे कर्नल त्यांना एकाच पाळीत बसवतो. एका पाळीतले कॅश-मिस भागिले दुसऱ्या पाळीतल्या कॅशकडच्या मागण्या असं केलं तर 100 टक्क्यांवरचं प्रमाणही निघतं. गट मात्र उपलब्ध काउंटरांपेक्षा मोठा नको, नाहीतर त्याला पाळीच मिळत नाही. वॉचडॉग बंद करायचा तर प्रॉक-सिस-कर्नल खालच्या ‘एनएमआय_वॉचडॉग’ या फाइलमध्ये रूट म्हणून 0 लिहा. मोजणी झाली की परत 1 लिहा. अडकलेला सीपीयू ओळखायचं काम तोच करतो.

तळटीप

त्रैराशिक पटलं. त्याला जोडून दोन संदेशांचं भाषांतर आत्ताच ठरवा, कारण लोक त्यांची हमखास गल्लत करतात. ‘नॉट काउंटेड’ म्हणजे पाळी आली नाही: घटना ठाऊक आहे, पण तिला काउंटर मिळण्याआधी प्रोग्रॅम संपला किंवा गट बसला नाही. ‘नॉट सपोर्टेड’ म्हणजे सोय नाही: हा प्रोसेसर ती घटना मोजतच नाही, किंवा आपण आभासी यंत्रात आहोत आणि खालच्या यंत्राने काउंटर वर दिलेले नाहीत. पहिल्यावर उपाय घटना कमी करणं. दुसऱ्यावर घटना कमी करून काही होत नाही. क्यूईएमयू-केव्हीएम असेल तर सीपीयूचा प्रकार ‘होस्ट’ ठेवून पीएमयू (प्रोसेसरचा काउंटरांचा विभाग) चालू करावा लागतो. भाड्याच्या क्लाउड यंत्रांवर ही सोय देणाऱ्याच्या हातात असते. आणि या दोन्हींहून ‘0’ वेगळा. शून्य म्हणजे मोजलं, एकही सापडलं नाही.

सूक्ष्मदर्शी

दुसऱ्या प्रकाराबद्दल. ‘स्किड’ला मी ‘घसर’ म्हणेन. ‘घसरण’ नको, बाजारभावाची आठवण होते.

घसर का होते ते शब्दाबरोबरच सांगायला हवं. नमुने घेताना (सॅम्पलिंग) काउंटर आधीच भरत आणलेला असतो. तो ओसंडला की व्यत्यय, म्हणजे इंटरप्ट, उठतो. पण व्यत्यय उठून तो हाताळला जाईपर्यंत प्रोसेसर पुढे गेलेला असतो, त्यामुळे नोंदलेला पत्ता खऱ्या आज्ञेच्या पुढचा असतो. म्हणून आज्ञेगणिक वेळ दाखवणाऱ्या ‘पर्फ ॲनोटेट’मध्ये एखाद्या निरुपद्रवी बेरजेवर 40 टक्के वेळ दिसतो आणि तिच्या आधीची, मेमरीतून आणणारी आज्ञा मोकळी सुटते. नवशिका ती बेरीज सुधारायला बसतो.

इथेच ‘अचूक’ आणि ‘नेमका’ वेगळे ठेवा. हा माझा आग्रह आहे. ‘ॲक्युरेट’ला अचूक, तो संख्येबद्दल. ‘प्रिसाइज’ला नेमका, तो जागेबद्दल. इंटेलच्या पेब्समधला ‘प्रिसाइज’ जागेचाच नेमकेपणा सांगतो: हार्डवेअर स्वतः नोंद करून ठेवतं, व्यत्ययाची वाट पाहत नाही. पेंटियम 4 पासून ही सोय आहे. एएमडीमध्ये ते काम आयबीएस करतं, आर्ममध्ये एसपीई. ‘पर्फ’मध्ये घटनेच्या नावापुढे कोलन (:) टाकून ‘पी’ लावायचा. एक पी म्हणजे घसर कायम तेवढीच राहील, दोन म्हणजे घसर शून्य असावी अशी विनंती, तीन म्हणजे शून्यच हवी. ‘पी’ लावल्याने एकूण संख्या जास्त खरी होत नाही, हे त्याच परिच्छेदात यावं.

जाता जाता: नमुन्याचा टप्पा (किती घटनांमागे एक नमुना) 1,00,000 सारखा गोल नको. लूपच्या लांबीशी त्याचा ताल जुळला की प्रत्येक नमुना लूपच्या त्याच आज्ञेवर पडतो. 1,00,003 ही अविभाज्य संख्या आहे, तशी घ्या.

आकडेमोड

‘अचूक’ आणि ‘नेमका’ ही फोड मान्य. मार्गदर्शिकेच्या पहिल्या पानावर घ्या.

शुद्धिपत्र

तिसरा प्रकार राहिला, आणि तोच सगळ्यात फसवा आहे. त्याला ‘चूक’ म्हणूच नये. ‘व्याख्येचा फरक’ म्हणावे.

‘रिटायर्ड’ला ‘निवृत्त’ हा शब्द काही ठिकाणी दिसतो. तो सोडून द्यावा. पेन्शनवर गेलेली आज्ञा असा भास होतो आणि अर्थ हरवतो. प्रोसेसर पुढच्या फांदीची (ब्रँचची) अटकळ बांधून आज्ञा आधीच चालवतो. अटकळ खरी ठरली की निकाल कायम होतो, खोटी ठरली की टाकून दिला जातो. म्हणून ‘कायम झालेली आज्ञा’ आणि ‘अटकळीने चालवलेली आज्ञा’ ही जोडी सुचवतो. आर्मच्या प्रोसेसरांत या दोन सरळ वेगळ्या घटना आहेत: कायम झालेल्यांचा क्रमांक सोळामानात (हेक्साडेसिमलमध्ये) 08, अटकळीच्यांचा 1बी. पहिलीऐवजी दुसरी घेतली की आकडा फुगतो, आणि दोष काउंटरचा नसतो.

असेच आणखी. इंटेलमध्ये ‘रेप’ उपसर्गाची स्ट्रिंग आज्ञा कितीही बाइट हलवो, कायम झालेल्या आज्ञांत ती एकच धरली जाते. ब्रॉडवेल पिढीपासूनच्या दशांश-गणिताच्या (फ्लोटिंग पॉइंट) काउंटरमध्ये गुणून-मिळवणारी एफएमए आज्ञा 2 धरली जाते. सँडी ब्रिजवरची जुनी दशांश-गणिताची घटना आज्ञा पाठवताना मोजत असे. माहिती कॅशमध्ये नसली की तीच आज्ञा पुन्हा पाठवली जाई आणि पुन्हा मोजली जाई. म्हणून मेमरीवर अडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तो आकडा खऱ्या कामाच्या कितीतरी पट येई. हॅसवेलमध्ये ती घटनाच नव्हती. ‘कॅश-मिसेस’ हे ‘पर्फ’चे सर्वसाधारण नावही प्रत्येक प्रोसेसरवर निराळ्या घटनेला जोडलेले असते. त्यात आगाऊ आणलेल्या (प्रीफेच) कॅशओळी कुठे धरल्या जातात, कुठे नाही, ते त्या प्रोसेसरच्या पुस्तिकेत पाहूनच लिहावे.

चौथ्या प्रकाराला ‘सदोष’ हा शब्द राखून ठेवा, आणि दोषाच्या अधिकृत यादीला ‘शुद्धिपत्र’. इरेटाला मराठी छपाईत हाच शब्द रुळलेला आहे. नमुन्यादाखल: सँडी ब्रिज, आयव्ही ब्रिज आणि हॅसवेलवर हायपरथ्रेडिंग चालू असताना एका थ्रेडवर मेमरीच्या काही घटना मोजल्या, तर त्याच गाभ्यावरच्या जोडीदार थ्रेडच्या त्याच क्रमांकाच्या काउंटरचा आकडा बिघडतो. लिनक्स 4.1 मध्ये त्यावर तोडगा आला. त्याहून जुना कर्नल असेल तर हायपरथ्रेडिंग बंद करून मोजा.

‘ओव्हरकाउंट’ला ‘जादा मोजणी’ सरळ आहे. व्हिन्सेंट वीव्हर, डॅन टर्पस्ट्रा आणि शर्ली मूर यांनी 2013 मध्ये अनेक एक्स86 प्रोसेसर तपासून दाखवले की कायम झालेल्या आज्ञांच्या मोजणीत प्रत्येक हार्डवेअर व्यत्ययामागे एकाची भर पडते, आणि पेज फॉल्टही त्यात येतात. फक्त वापरकर्त्याच्या पातळीवर मोजले तरी ही भर राहते. टक्केवारीत ती नगण्य असते. पण दोन चालींत आकडा हुबेहूब तोच यायला हवा असेल तर ती नडते. चाल नोंदवून पुन्हा तशीच चालवणारा ‘आरआर’ हा डीबगर म्हणूनच आज्ञा न मोजता कायम झालेल्या सशर्त फांद्या मोजतो.

मोजपट्टी

मग चार प्रकारांपैकी आपला कोणता हे विद्यार्थ्याने कसं ओळखायचं? त्या तपासणीला ‘कॅलिब्रेशन’ म्हणावं का?

आकडेमोड

नको. कॅलिब्रेशनमध्ये उपकरण जुळवून घेतात, इथे काउंटर जुळवता येत नाही. गणितात उत्तर पडताळायला जो शब्द आहे तोच घ्या: ताळा. ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असा प्रोग्रॅम मोजायचा.

असेंब्लीत दोन आज्ञांचा लूप लिहा: एकाने कमी करा, शून्य नसेल तर मागे जा. 100 कोटी फेऱ्या. अपेक्षित आकडे: आज्ञा 200 कोटी, फांद्या 100 कोटी. इंटेलच्या अलीकडच्या गाभ्यांवर या दोन आज्ञा आत जोडल्या जाऊन एकच सूक्ष्म आज्ञा (मायक्रो-ऑप) होते, म्हणून सूक्ष्म आज्ञा आणि चक्रं दोन्ही 100 कोटींच्या आसपास येतात. आज्ञांचा आकडा मात्र 200 कोटीच राहतो. विद्यार्थ्यांना व्याख्येचा फरक दाखवायला हेच उदाहरण घ्या.

प्रोग्रॅम ‘टास्कसेट’ने एका गाभ्याला बांधा. आल्डर लेकपासूनच्या मिश्र प्रोसेसरांवर हे न केल्यास मोजणी मोठ्या आणि छोट्या गाभ्यांच्या दोन वेगळ्या ओळींत फुटते आणि कुठल्याही एका ओळीवरून पूर्ण आकडा कळत नाही. घटनेपुढे ‘यू’ लावून फक्त वापरकर्त्याची पातळी मोजा. पाच वेळा चालवा.

आता आकडे वाचा. 200 कोटींवर काही हजार जादा आले तर ते प्रोग्रॅम सुरू होतानाचं लोडरचं काम. 3 गिगाहर्ट्‌झवर हा लूप सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात संपतो, त्यात 250 हर्ट्‌झच्या टिकचे 80-85 व्यत्यय येतात, तेवढी भर जादा मोजणीची. दर चालीला आकडा काही टक्क्यांनी हलत असेल तर कंसातली टक्केवारी बघा, तो अंदाजी आहे. आकडा स्थिर, पण पटीत चुकलेला, दुप्पट किंवा निम्मा असेल, तर व्याख्या बघा. शेजारच्या थ्रेडवर दुसरं काम चालवल्यावरच बिघडत असेल तर शुद्धिपत्र उघडा.

मेमरीचा ताळाही असाच. 1 गिबीबाइटचा ॲरे सरळ वाचला की 64 बाइटच्या 1,67,77,216 कॅशओळी यायला हव्यात. मेमरी नियंत्रकाचे काउंटर एवढे दाखवतील. गाभ्याच्या ‘कॅश-मिस’चा आकडा याहून बराच कमी असू शकतो, कारण बऱ्याच ओळी आगाऊ आणल्या गेल्या. इथे दोन्ही आकडे आपापल्या व्याख्येने खरे आहेत.

तळटीप

ताळ्याआधी परवानगी तपासा. कोणाला काय मोजता येईल हे ठरवणाऱ्या ‘पर्फ_इव्हेंट_पॅरानॉइड’ या कर्नलच्या सेटिंगचं मूल्य 2 असेल तर साध्या वापरकर्त्याला कर्नलमधलं काम मोजता येत नाही. ‘पर्फ’ अशा वेळी अडत नाही, घटनेपुढे स्वतःच ‘यू’ लावून फक्त वरच्या पातळीचा आकडा देतो. फाइल किंवा नेटवर्कचं काम करणाऱ्या प्रोग्रॅमचा मोठा भाग त्यात गळतो. याला ‘उणा आकडा’ म्हणा. लिनक्स 5.8 पासून कॅप-पर्फमॉन ही वेगळी परवानगी आहे, तेवढ्यासाठी रूट होण्याची गरज नाही.

सूक्ष्मदर्शी

‘सायकल’ला ‘चक्र’ ठीक आहे, पण नुसतं ‘चक्र’ लिहू नका. ‘गाभ्याचं चक्र’ टर्बोबरोबर जलद-मंद होतं. ‘संदर्भ चक्र’ ठरलेल्या वेगाने चालतं. आणि टाइम-स्टॅम्प काउंटर हल्लीच्या प्रोसेसरांत गाभा झोपला असतानाही एकाच वेगाने पुढे सरकतो, म्हणून त्याला ‘घड्याळ’च म्हणावं. त्या घड्याळाने काढलेली चक्रं आणि ‘पर्फ’ची चक्रं जुळत नाहीत अशी तक्रार आली की आधी त्या क्षणी गाभा कोणत्या वारंवारतेवर होता ते विचारा. 2.4 गिगाहर्ट्‌झच्या घड्याळावर गाभा 3.6 ला चालत असेल तर दीडपट फरक यायलाच हवा.