प्रवाळ-टाकीवरचा दिवा: टी-५ ट्यूब, एलईडी की दोहोंची जोड?

(प्रवाळ पाळणाऱ्या चौघा हौशींची चर्चा. प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

खारेपाणी

घरातल्या प्रवाळ-टाकीसाठी दिवा निवडण्याची चर्चा हल्ली 'कोणता एलईडी घ्यावा' या प्रश्नापासूनच सुरू होते, म्हणजे मुख्य निर्णय आधीच झालेला असतो. माझा आक्षेप त्यालाच आहे. ज्यांना अ‍ॅक्रोपोरा किंवा मॉन्टिपोरा यांसारखे बारीक पॉलिपचे (पॉलिप म्हणजे वसाहतीतला एकेक जीव) कठीण प्रवाळ, म्हणजे आपण ज्यांना एसपीएस म्हणतो ते, वाढवायचे आहेत, त्यांनी टी-५ ही बारीक फ्लुरोसंट ट्यूब किंवा ट्यूब आणि एलईडी यांची जोड हाच पहिला पर्याय मानावा, असे माझे मत आहे.

प्रवाळाच्या ऊतींत राहणारी झूझँथेली ही सूक्ष्म शैवाले प्रकाशसंश्लेषण करतात आणि यजमानाच्या ऊर्जेचा फार मोठा वाटा पुरवतात. त्यामुळे फांद्यांच्या दाट वसाहतीला प्रकाश किती मिळतो याइतकेच तो किती दिशांनी मिळतो हेही महत्त्वाचे ठरते. चार फुटी ट्यूब आपल्या संपूर्ण लांबीतून प्रकाश देते आणि तिच्यामागचा परावर्तक तो आणखी पसरवतो, त्यामुळे वरच्या फांदीची सावली खालच्या फांदीवर गडद पडत नाही. एलईडीचा प्रकाश मात्र मूठभर जागेतून निघतो. वसाहत लहान असेपर्यंत हा दोष जाणवत नाही, पण ती मोठी होऊन शेंडे पृष्ठभागाकडे सरकू लागले, की बुडाकडची ऊती सावलीत राहून मागे हटते आणि उघडा सांगाडा दिसू लागतो. हौशी लोक अशा वेळी क्षारता (खारटपणा नव्हे, तर पाण्यातील कार्बोनेटांचे प्रमाण), फॉस्फेट, पाण्याचा प्रवाह असे सगळे तपासतात आणि दिव्याकडे सर्वांत शेवटी पाहतात.

माझी दुसरी तक्रार एलईडीच्या रंगनियंत्रणाबद्दल आहे. सहा-आठ रंगवाहिन्या, म्हणजे प्रत्येक रंगाचे स्वतंत्र नियंत्रण, आणि प्रत्येकीची टक्केवारी हाताशी असली, की माणूस प्रवाळाऐवजी स्वतःच्या डोळ्यांसाठी दिवा जुळवतो आणि दर आठवड्याला पुन्हा बदलतो. ट्यूब एकदा बसवली की वर्षभर कोणी तिच्याशी खेळत नाही, आणि प्रवाळाला हे स्थैर्य मानवते.

निळीछटा

आपला सावलीचा मुद्दा खरा आहे, परंतु तो एलईडी या तंत्राचा दोष नसून एकच दिवा मध्यभागी टांगण्याच्या सवयीचा दोष आहे. तेवढ्याच वॅटचे दोन किंवा तीन लहान दिवे अंतराने लावले, त्यांची उंची थोडी वाढवली आणि खाली डिफ्यूझर, म्हणजे प्रकाश पसरवणारा पडदा, बसवला, तर प्रकाश अनेक कोनांतून येतो.

ट्यूबच्या बाजूने बोलताना तिचा क्षय सोयीने विसरला जातो. टी-५ ट्यूबची तीव्रता आणि वर्णपट दोन्ही हळूहळू ढळतात, म्हणूनच ती साधारण ९ ते १२ महिन्यांनी बदलावी लागते. म्हणजे ज्या स्थैर्याचे आपण कौतुक करता, ते वर्षभर सावकाश घसरणारे असते आणि नवी ट्यूब लावताच एका दिवसात उडी मारते. अशा उडीने प्रवाळ फिकट पडल्याची उदाहरणे या छंदात नवी नाहीत. शिवाय चार फुटी टाकीवर ५४ वॅटच्या ६ ट्यूब म्हणजे ३२४ वॅट झाले. ही उष्णता पाण्याच्या अगदी जवळ निर्माण होते, आणि मग चिलर, म्हणजे पाणी थंड करणारे यंत्र, अधिक वेळ चालतो.

पुरवठ्याचाही विचार करावा लागेल. ट्यूबमध्ये पारा असतो. पाऱ्याच्या वापराला आळा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय मिनामाता कराराच्या २०२३ मधील परिषदेत सामान्य प्रकाशयोजनेच्या फ्लुरोसंट दिव्यांचे उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ पर्यंत संपवण्याचे ठरले. मत्स्यटाक्यांच्या खास ट्यूब त्या व्याख्येत बसोत वा न बसोत, ज्या उद्योगाच्या आधारावर त्या बनतात तोच आटत असेल, तर आज नव्याने ट्यूबचे खोके विकत घेण्याचा सल्ला कोणाला कसा द्यावा?

आणि रंगांविषयी. पाण्यात खोल जाताना लाल प्रकाश सर्वांत आधी शोषला जातो आणि निळा सर्वांत खोल पोचतो. झूझँथेलीतील क्लोरोफिल आणि पेरिडिनिन ही रंगद्रव्ये निळ्या ते निळसर-हिरव्या पट्ट्यात उत्तम शोषण करतात. एलईडीत ऊर्जा नेमकी तिथे देता येते, त्यामुळे निळ्या छटेला केवळ डोळ्यांचे लाड म्हणणे अन्यायाचे आहे.

मोजमाप

आपण दोघेही दिव्यांबद्दल बोलत आहात आणि प्रवाळापर्यंत काय पोचते याचा एकही आकडा दोघांनी दिलेला नाही. ४०० ते ७०० नॅनोमीटर या पट्ट्यातला, प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा प्रकाश, म्हणजे पीएआर, मोजल्याशिवाय ही चर्चा आवडीनिवडीच्या पुढे जाणार नाही. ढोबळ मानाने मऊ प्रवाळांना ५० ते १५० मायक्रोमोल (प्रकाशकणांच्या संख्येचे एकक), मोठ्या पॉलिपच्या बहुतेक एलपीएस प्रवाळांना सुमारे ७५ ते १५० आणि अ‍ॅक्रोपोरासारख्यांना २०० ते ३५० मायक्रोमोल, प्रति चौरस मीटर प्रति सेकंद, एवढा प्रकाश छंदात पुरेसा मानला जातो. त्यापुढे प्रकाशसंश्लेषण वाढायचे थांबते आणि आणखी पुढे गेल्यास ते मंदावते. म्हणून 'जितका जास्त तितका चांगला' ही समजूत ट्यूबवाल्यांनी आणि एलईडीवाल्यांनी सारखीच सोडून द्यावी.

मोजताना लक्सचा मापक वापरू नये. लक्स हे एकक मानवी डोळ्याच्या संवेदनशीलतेवर बेतलेले आहे आणि ती ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक असते. निळ्या एलईडीखाली लक्स फसवे कमी दिसतात, आणि घाबरून लोक दिवा आणखी चढवतात. जुन्या पीएआर मापकांतही निळा प्रकाश कमी नोंदवला जाण्याचा दोष आहे, तेव्हा मापक उसना आणला असेल तर तो कोणत्या पिढीचा आहे हे विचारून घ्यावे.

आता वेळेचा हिशेब पाहू, कारण बहुतेक गैरसमज इथेच होतात. २०० मायक्रोमोल प्रकाश ८ तास मिळाला, तर दिवसाची मात्रा सुमारे ५.८ मोल होते. ट्यूब एका झटक्यात पेटते, त्यामुळे हा हिशेब सरळ असतो. एलईडीच्या १० तासांच्या वेळापत्रकात पहिले २ तास उजाडण्याचे आणि शेवटचे २ तास मावळण्याचे असतील आणि तीव्रता एकसारखी चढत-उतरत असेल, तर मात्रा पूर्ण तीव्रतेच्या ८ तासांएवढीच भरते. 'एलईडीखाली १० तास देऊनही वाढ नाही' अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी हा गुणाकार करून पाहावा.

खारेपाणी यांचा समान वितरणाचा आग्रह मात्र मला मान्य आहे. वाळूच्या तळाशी, मधल्या खडकावर आणि दोन्ही कोपऱ्यांत मोजणी केली, की एकाच एलईडीखाली मधोमध ४०० आणि कोपऱ्यात ८० अशी दरी सहज आढळते. ट्यूबखाली ती बरीच कमी असते.

मऊप्रवाळ

थोडे विषयाला धरूनच, पण वेगळ्या बाजूने लिहितो. ही सगळी चर्चा अ‍ॅक्रोपोराच्या अपेक्षेने चालली आहे, आणि नवशिक्यांच्या बहुतेक टाक्यांत ते नसतातच. मश्रूम, झोअँथिड, चामडी प्रवाळ यांना मध्यम तीव्रतेचा कोणताही बरा दिवा चालतो. सूर्यप्रवाळात तर झूझँथेलीच नसतात. त्याला दिवा नव्हे, खाऊ घालणारा मालक लागतो. आधी प्रवाळ ठरवावेत आणि मग दिवा, हा क्रम इथे कोणीच सांगितला नाही, म्हणून आठवण करून दिली.

खारेपाणी

क्रमाबद्दल दुमत नाही, आणि म्हणूनच मी माझे विधान पहिल्याच परिच्छेदात एसपीएसपुरते मर्यादित ठेवले होते. निळीछटा यांचा पुरवठ्याचा मुद्दा वजनदार आहे, पण तो 'ट्यूब मिळेनाशी होईल' एवढेच सिद्ध करतो. 'ट्यूबचा प्रकाश कमी प्रतीचा आहे' हे त्यातून निघत नाही. नव्या ट्यूबच्या उडीवर उपायही सोपा आहे: सहाही ट्यूब एकदम न बदलता दोन-दोन करून काही आठवड्यांच्या अंतराने बदलाव्यात.

निळ्या प्रकाशाचे शोषण मी नाकारत नाही. निळ्या प्रकाशाची तीव्रता वाढली की अनेक प्रवाळांत रंगद्रव्यांची निर्मितीही वाढते. परंतु अ‍ॅक्रोपोरातली कित्येक जांभळी आणि निळी रंगप्रथिने चमकणारी नसतात. निव्वळ निळ्या दिव्याखाली ती आजूबाजूच्या निळाईत हरवतात आणि ओळखू येण्यासाठी पांढरा प्रकाश मागतात. शिवाय रोगट ऊती, किडींची अंडी आणि खडकावर पसरणारे शेवाळ हे सारे त्याच निळाईत लपते. टाकीची पाहणी करण्यासाठी दिवसातून काही वेळ तरी पांढरा प्रकाश असलाच पाहिजे.

निळीछटा

पाहणीसाठी पांढरी वाहिनी तासभर चढवता येते, आणि ही सोय आपण ज्या नियंत्रणाला नावे ठेवता त्याच नियंत्रणामुळे मिळते. आधीपासून ट्यूबची पेटी असलेल्याने ती फेकून देऊ नये, त्यात एलईडीच्या पट्ट्या जोडाव्यात, इथपर्यंत मी आपल्यासोबत येतो. मात्र टाकी आज नव्याने उभारणाऱ्याला मी अंतराने लावलेले लहान एलईडीच सुचवीन. ते निम्म्या तीव्रतेवर सुरू करावेत आणि काही आठवड्यांत हळूहळू वाढवावेत, कारण अपुऱ्या प्रकाशात तपकिरी पडलेला प्रवाळ पुन्हा रंगावर येऊ शकतो, पण अति प्रकाशाने झूझँथेली गमावून पांढरा पडलेला प्रवाळ अनेकदा हातचा जातो.

मोजमाप

तीव्रता वाढवताना प्रत्येक टप्प्यावर क्षारताही तपासावी, कारण वाढ वेगावली की कॅल्शियम आणि कार्बोनेट यांचा खप चढतो. नायट्रेट आणि फॉस्फेट शून्याला टेकलेल्या टाकीत दिवा वाढवणे तर टाळावेच. तिथे फिकटपणा येतो, त्याचा दोष दिव्यावर जातो आणि मग ट्यूब की एलईडी हा वाद पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.