जगाचा प्रकाश नक्की कोण?

प्रश्न: बायबलमध्ये योहान 8:12 (अध्याय 8, वचन 12) मध्ये येशू स्वतःला जगाचा प्रकाश म्हणतो, मत्तय 5:14 मध्ये शिष्यांना. मेळ कसा लावायचा?

उत्तर 1: मत्तय 5:16 पर्यंत वाचा. शिष्यांची सत्कृत्ये पाहून लोकांनी पित्याचा गौरव करावा, असं तिथे आहे. म्हणजे प्रकाश देवाकडून मिळालेला. 5:14 वरच थांबलं की गोंधळ होतो.

उत्तर 2: सहमत. पण योहान 7 पासून वाचाच, प्रसंग मंडपांच्या सणाचा आहे! या यहुदी सणात यरुशलेमच्या मंदिरातल्या स्त्रियांच्या अंगणात मोठमोठे दीप पेटत, मिश्नात (यहुद्यांच्या प्राचीन नियमसंग्रहात) वर्णन आहे. 8:20 नुसार येशू मंदिराच्या भांडारापाशी बोलत होता, तेही त्याच अंगणात. ही पार्श्वभूमी सुटली तर वचन अर्धंच कळतं.

उत्तर 3: उत्पत्ती 1 मध्ये प्रकाश पहिल्या दिवशी, सूर्य चौथ्या. प्रकटीकरण 21:23 मधल्या नगरीला तर सूर्य लागतच नाही. म्हणजे बायबलमध्ये प्रकाशाचा मूळ स्रोत सूर्य नव्हे, देव.