आईची कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) परत करायचीये, मागच्या वेळी फार त्रास झाला, काय करू?

आई ६३ वर्षांची आहे. तीन वर्षांपूर्वी कोलोनोस्कोपी करताना मध्येच तिची नाडी एकदम उतरली, बीपी खाली गेलं, अंग घामाने ओलंचिंब, शेवटी अर्ध्यातच थांबवली. आता डॉक्टर म्हणतायत पूर्ण करायलाच हवी. पण नुसता विषय काढला तरी तिचे हात गार पडतात हो. गर्भपिशवीचं ऑपरेशनही झालंय तिचं. पूर्ण भूल द्यायला सांगू का? आणि तेव्हा नेमकं झालं काय होतं?

उत्तर १
ताई, मी एंडोस्कोपीत नर्स आहे. आतड्याला आतून चिमटा लावून तुकडा घेतला तरी पेशंटला कळत नाही, दुखतं ते आतडं ताणलं गेल्यामुळे. डाव्या बाजूला खाली आतड्याला वळण असतं, तिथे दुर्बिणीचा वेटोळा पडतो, पुढे ढकलली की आतडं ताणतं, वर फुगवायला गॅस सोडलेला असतोच. गर्भपिशवी काढलेल्या बायकांत आतडं कधीकधी आत चिकटलेलं असतं त्यामुळे जास्त दुखू शकतं, हे डॉक्टरांना आधीच सांगा. ताण फार झाला की व्हेगस नर्व्हमुळे (मेंदूपासून हार्ट आणि पोटापर्यंत जाणारी नस) हार्टचे ठोके मंदावतात, बीपी पडतं. तुमच्या वर्णनावरून आईंचं तेच झालं असावं, पण मागचा रिपोर्ट दाखवून विचाराच. अशा वेळी आम्ही गॅस ओढून घेतो, दुर्बीण थोडी मागे घेऊन वेटोळा सोडवतो, सलाईन वाढवतो, लागलं तर ठोके वाढवणारं अॅट्रोपिन देतात. मॉनिटरची टिकटिक लांबायला लागली की पेशंट बोलायच्या आधीच आम्हाला समजतं.
हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरता का हे नक्की विचारा, तो आतड्यातून पटकन शोषला जातो आणि नंतर पोट फुगून राहत नाही. काही डॉक्टर गॅसच्या जागी पाणी सोडत पुढे जातात, त्यानेही कमी दुखतं.

उत्तर २
मी भूल न घेता केलीय. तीनचार मिनिटं कळ आली, अगदी मुरडा येतो तशी, मग सिस्टरांनी तळहाताने पोट दाबून धरलं, कुशीवरून उताणं केलं आणि दुर्बीण पुढे सरकली तशी कळ गेली. पण आधीच ठरवलं होतं की मी हात वर केला की थांबायचं, तेवढ्यानेच जीव शांत होता. तरी तुमच्या आईंना इतकी भीती बसलीय तर भूल घेतलेली बरी असं मला मनापासून वाटतं.

उत्तर ३
भीती का बसली त्याबद्दल. १९९६ मध्ये डॉक्टर रेडेलमायर आणि मानसशास्त्रज्ञ काहनेमन यांनी कोलोनोस्कोपीच्याच पेशंटवर अभ्यास केला होता, त्यात दिसलं की मागाहून लक्षात राहतो तो सगळ्यात वाईट क्षण आणि शेवटचा भाग, एकूण किती वेळ चाललं त्याने फारसा फरक पडत नाही. आईंची तपासणी नेमकी वाईट क्षणीच थांबली, मग तेवढंच मनात राहणार ना. त्यांना भित्र्या वगैरे म्हणू नका कुणी.

मूळ प्रश्नकर्ती
हे वाचून रडूच आलं, आम्ही घरात तिला "एवढं काय त्यात" म्हणत होतो. पण भुलीच्या प्रोपोफॉल औषधाने बीपी पडत नाही का?

उत्तर १
पडू शकतं, श्वासही मंदावतो, म्हणून भूलतज्ज्ञ शेजारी हवेत आणि मागच्या वेळचं त्यांना सगळं सांगायचं. मिडॅझोलॅम देऊन गुंगीत करणं हाही पर्याय आहे, कुठला ते तेच ठरवतील. आणि पोट साफ करायच्या औषधाने अंगातलं पाणी जातं, तसं कोरड्या अंगाने टेबलावर आलं की बीपी आणखी लवकर पडतं, तेव्हा त्यांनी सांगितलेल्या वेळेपर्यंत पाणी-सरबत पाजत राहा. औषध दोन भागात, अर्धं आदल्या रात्री अर्धं सकाळी घेता येईल का तेही विचारा. बीपी-शुगरच्या गोळ्यांचं काय करायचं ते लिहूनच घ्या.

मूळ प्रश्नकर्ती
सगळं कागदावर उतरवलंय. हात वर करायचं आईला सांगितलं तर म्हणाली, "खरंच थांबतील का?" उद्या तिलाच डॉक्टरांसमोर बसवून विचारायला लावते.