मदत हवी आहे: उच्चार तोच, अर्थ वेगळा. ऐकताना कसं ओळखायचं?

धुक्यातलीवाट:
उद्या सकाळी १० वाजता परत मीटिंग आहे, म्हणून घाईत लिहितेय. सारखेच ऐकू येणारे शब्द तुम्ही कसे ओळखता? कागदावर अक्षर दिसतं, तिथे अडत नाही. कानावर पडले की घोळ होतो. आज मोठी चूक झाली. कृपया लवकर सांगा.

सदूनाना:
चिनीत सगळं सुरावर आहे. 'माय' खाली नेऊन वर उचललं की विकत घेणं, वरून खाली आपटलं की विकणं. मी रोज अर्धा तास मोठ्याने म्हणायचो, कान तयार झाला. तेच करा.

धुक्यातलीवाट:
चिनी नाही हो काका, जपानी. लिहायचं राहिलं.

रानजाई:
मग स्वराघात शिका, म्हणजे शब्दातला कुठला भाग उंच सुरात बोलायचा ते. 'हाशि'मधला 'हा' उंच असेल तर जेवायच्या काड्या, 'शि' उंच असेल तर पूल. क्लासवाले हे शिकवतच नाहीत, मग पुढे असं होतं.

ओसाकावासी:
हे टोकियोपुरतं झालं. इथे ओसाकात 'हा' उंच म्हणजे पूल! मी स्वर मोजत बसत नाही, संदर्भावरून कळतं.

रानजाई:
तुम्ही तिथे राहता म्हणून कळतं. इथून शिकणाऱ्याने काय करायचं?

मावळतीचेरंग:
अवांतर: जपानीत चार आणि मृत्यू दोन्ही 'शि', म्हणून चारला बऱ्याचदा 'योन' म्हणतात. चिनीत त्या दोघांचा सूर वेगळा, तरी चार आकडा टाळतातच. आपल्याकडेही पाट बसायचा असतो आणि पाण्याचाही.

निळासावळा:
ताई, शब्द कोणता आणि कुठे अडलं ते सांगा ना. त्याशिवाय सगळे अंदाजानेच बोलणार.

धुक्यातलीवाट:
'होशोऽ'. मी चाकणला दुभाषी आहे. सुट्या भागांची एक खेप सदोष निघाली होती. जपानी साहेब 'होशोऽ' म्हणाले, मी 'हमी हवी आहे' असं सांगितलं. त्यांना नुकसानभरपाई हवी होती. वीस मिनिटं एक बाजू वॉरंटीच्या महिन्यांवर बोलत होती आणि दुसरी पैशांवर. रडू यायचं बाकी होतं.

निळासावळा:
इथे स्वराघात कामाचा नाही. हमी, भरपाई आणि सामाजिक सुरक्षेतली 'सुरक्षा' हे तिन्ही 'होशोऽ' सपाटच बोलतात. जपानीतली ही अक्षरं चिनीतून आलेली; तीच चिनीत बाओजंग, बूछांग, बाओजांग अशी निराळी ऐकू येतात. जपानीत आल्यावर सूर गेले, शेवटचे ध्वनीही एकमेकांत मिसळले.
जपानी माणसंही अडतात. 'कागाकु' म्हणजे विज्ञान आणि रसायनशास्त्रही, म्हणून रसायनशास्त्राला बोलताना 'बाकेगाकु' म्हणतात. म्हणजे अक्षराचा चिनीतून आलेला उच्चार सोडून मूळ जपानी उच्चार वापरायचा. तुम्ही सरळ विचारा, 'ओगिनाऊ होऽ नो होशोऽ देसु का?', म्हणजे 'ओगिनाऊवालं होशोऽ का?' ओगिनाऊ म्हणजे उणीव भरून काढणं, ते भरपाईच्या 'होशोऽ'मधलं पहिलं अक्षर. फक्त 'होशोऽकिन' म्हणून खात्री करू नका, अनामतही तीच आणि भरपाईची रक्कमही तीच.

रानजाई:
होशोऽपुरतं मान्य. पण हाशि, आमे (पाऊस की गोळी), कामि (देव की कागद) यांना स्वराघात लागतोच.

धुक्यातलीवाट:
ओगिनाऊ वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं. पण भर मीटिंगमध्ये साहेबांना असं थांबवून विचारलं तर उद्धट वाटणार नाही ना?

ओसाकावासी:
अजिबात नाही. इथे आपापसात बोलतानाही लोक तळहातावर बोटाने अक्षर काढून दाखवतात. बिनधास्त विचारा. आणि उद्या काय झालं ते इथे लिहा.