साइनअपच्या कंट्रोलर टेस्ट ठेवायच्या का उडवायच्या?

गोलाईवाला (लातूर)
तीन दिवस झाले डोकं फिरलंय. इथल्या एका क्लासवाल्या सरांचं टेस्ट सिरीजचं ॲप हाय, रेल्स (रुबी भाषेतलं वेब ॲप बनवायचं फ्रेमवर्क) 4.2 वर पडून होतं ते 7 वर आणलं, टर्बो (पान पूर्ण रीलोड न करता फॉर्म पाठवणारं) पण टाकलं, अन् साइनअपच्या कंट्रोलर टेस्ट (फॉर्मची रिक्वेस्ट हाताळणारा कोड तपासणाऱ्या) सगळ्या लाल, म्हंजे फेल. आधी पॅरॅम्सची, म्हंजे फॉर्ममधल्या माहितीची बोंब, पहिले नुसता हॅश दिला तरी चालायचं, आता 'पॅरॅम्स' लिहूनच द्यावं लागतंय, ते केलं. मग ॲसाइन्स (कंट्रोलरनं पानाला दिलेली व्हेरिएबल टेस्टमध्ये बघायचं) सापडेना, ते 2016 मध्ये रेल्स 5 आलं तवाच वेगळ्या जेममध्ये (वरून जोडायच्या लायब्ररीत) हाकललंय म्हणे, तो जेम बी टाकला. आता एकच लाल उरलीय, युजर काउंट 1 नं वाढायला पाहिजे होता, वाढला नाही. का नाही वाढला ते काय सांगत नाही. अन् ब्राउझरमध्ये फॉर्म भरला की साइनअप मस्त होतंय! माझं मत, उडवा ह्या टेस्ट. रेल्सवालेच इंटिग्रेशन टेस्ट (पूर्ण रिक्वेस्ट सुरुवातीपासनं चालवणारी) लिहा म्हणायलेत, मग आपण कशाला मढी उकरत बसायची.

परभणीची
भाऊ थांब, डिलीट करू नको. क्रिएटमधल्या एल्सच्या आत (सेव्ह झालं नाही तर चालतो तो भाग) एक पुट्स टाक, युजरच्या एररचे फुल मेसेजेस छाप, अन् काय येतंय ते इथं सांग.

गोलाईवाला
'बॅच मस्ट एक्झिस्ट' म्हणायलंय. पण ताई, बॅच तर आधीपासनं कंपल्सरी नव्हतीच की??

परभणीची
सापडलं मग. अपग्रेड करताना लोड डिफॉल्ट्स (कुठल्या व्हर्जनच्या डिफॉल्ट सेटिंग घ्यायच्या ते) वर नेलंस ना? 5.0 पासनं बिलाँग्स टू लिहिलं की समोरचा रेकॉर्ड असायलाच पाहिजे, नसला तर सेव्हच होत नाही. ऑप्शनल ट्रू लिही. तू ब्राउझरमध्ये दरवेळी ड्रॉपडाउनमधून बॅच निवडत असशील म्हणून तुला सगळं छान दिसलं. उद्या दहावीचा निकाल लागला अन् एखाद्या पोरानं 'बॅच नंतर सांगतो' म्हणून फॉर्म भरला तर त्याला दार बंद. हे कुणी पकडलं? तू जिला मढं म्हणायलास तिनंच.

हडकोवाला (संभाजीनगर)
ताई, तुमचं निम्मं पटलं. आमच्याकडं बरोबर उलटं झालं. टेस्ट होती, चुकीचा ईमेल दिला तर फॉर्म परत दाखव अन् रिस्पॉन्स 200 (सगळं ठीक), कायम हिरवीगार, म्हंजे पास. लाईव्ह गेलो अन् फोनवर फोन, बटण दाबलं की काहीच होत नाही म्हणून. टर्बोला चुकलेला फॉर्म 422 (माहिती चुकली) नं परत पाठवावा लागतो, 200 नं पाठवला तर तो दाखवतच नाही, ब्राउझरच्या कन्सोलमध्ये कुरकुरतंय फक्त. गिऱ्हाईक काय कन्सोल उघडून बघतंय का? ब्राउझर उघडणारी सिस्टीम टेस्ट एक असती तर आदल्या दिवशीच कळलं असतं. म्हणून मी म्हणतो कंट्रोलर टेस्ट नुसतं समाधान हाय.

परभणीची
200 लिहिलं कुणी? माणसानंच ना. तिथं 422 लिहिलं असतं तर तीच टेस्ट ओरडली असती. अन् सिस्टीम टेस्टमध्ये क्रोम उघडतंय हो, माझा लॅपटॉप 8 जीबीचा, इथं लाईट गेली की बॅटरीवर काम, क्रोमचा पंखा सुरू झाला की अर्ध्या तासात खेळ खल्लास. जगात जर्मनी भारतात परभणी हे लाईटीला लागू नाही 😀

विष्णुपुरीचा (नांदेड)
दोघं कशाला भांडायलात, रेल्स 5 पासनं जनरेटरनं काढलेली कंट्रोलर टेस्ट इंटिग्रेशनच्याच क्लासवर बसलेली असते, राउटरमधून (पत्ता बघून कंट्रोलर ठरवणारा) जाते. भांडण खरं तर जुन्या टेस्टकेसवालीचं (राउटर सोडून थेट कंट्रोलरला बोलावणारी) हाय, गोलाईवाल्याकडं तीच दिसतीय.

हिंगोलीचा पाव्हणा
तुमचं चालू द्या, मी वेगळंच सांगतो. आमच्या फॉर्मवर मोबाईल नंबर ९८ असा मराठी आकड्यात टाकणारे लई निघाले, मराठी कीबोर्ड असतो ना. रुबीच्या रेजेक्समधलं (मजकूर जुळवायचा नमुना) \डी फक्त इंग्रजी आकडे धरतंय, मराठी नाही. टेस्टमध्ये सगळीकडं 98 होतं, मग ती कशाला लाल होतीय. ही टेस्ट कंट्रोलरला लिहायची का कुठं?

परभणीची
मॉडेलला (डेटा तपासून सेव्ह करणाऱ्या कोडला) लिही. कंट्रोलरला आकड्यांशी काय घेणं. अन् सेव्हच्या आधी आकडे बदलून घे, त्या बिचाऱ्याला परत टाइप करायला लावू नको.

हडकोवाला
बघा, तिसरीकडंच निघालं. कंट्रोलर टेस्टनं नाहीच पकडलं.

गोलाईवाला
ऑप्शनल ट्रू टाकलं, हिरवी झाली. ताई, ही एक ठेवतो, बाकी जुन्या इंटिग्रेशनमध्ये नेतो. हडकोवाल्या भौ, तुमचं वाचून आत्ता आमच्या फॉर्मला मुद्दाम चुकीचा ईमेल टाकला. बटण दाबलं, काहीच नाही. टेस्ट 200 वर हिरवी. सरांचा फोन यायच्या आत बदलायलोय, मग बोलू.