मदत हवी आहे: छोट्या बॅटरीत (टॉर्चमध्ये) दुसरा 18650 सेल चालत नाही

नमस्कार मंडळी. रावेरकडे केळीची बाग आहे. शेतीची लाइट रात्रपाळीत आली की मोटर चालू करायला विहिरीवर जावं लागतं. आधीच्या प्लास्टिकच्या चार्जिंग टॉर्चचा आतला सेल बसला की अख्खी टॉर्च भंगारात. म्हणून यंदा मुद्दाम सेल बदलता येणारी, ॲल्युमिनियमची छोटी बॅटरी घेतली. तिच्यात 18650 म्हणजे जाड बोटाएवढा, चार्ज होणारा लिथियम सेल बसतो.

पहिल्या फेरीत तरी आवडली. मुठीत मावते, मागचं बटण चिखलाच्या हातानेही दबतं. उजेड फार लांब जात नाही, पण पायाशी छान पसरतो. बागेत मला तेच पाहिजे. केळीच्या वाळक्या पानांत घोणस पडली तर तिच्या अंगावरच्या साखळ्या दिसायला हव्यात, पलीकडच्या बांधावरचं झाड दिसून काय करायचंय? फुलवर ठेवली की थोड्या वेळात अंग तापतं आणि उजेड आपोआप उतरतो. पत्रकात तसं लिहिलंय, तेव्हा तक्रार नाही. खिशाला अडकवायची क्लिप मात्र अगदीच भिकार.

अडचण वेगळीच आहे. सोबत आलेल्या सेलवर ती मस्त चालते. भुसावळहून जादा सेल आणला, तो घातला की ठार बंद. मल्टीमीटरवर 4.1 व्होल्ट दाखवतोय. नव्यावर क्षमता 9900 एमएएच छापलीय, जुन्यावर 2600. तरी नवाच हाताला हलका लागतो. भाचा म्हणतो, मधे छोटं चुंबक ठेव. ठेवू का? आणि मे महिन्यात शेतातल्या पत्र्याच्या खोलीत सेल चार्ज केला तर चालेल का?

प्रतिसाद

भाऊ, चुंबक अजिबात नको. सरकलं तर शॉर्ट होईल, आणि लिथियमचा शॉर्ट म्हणजे आगीशी खेळ. दोन्ही सेलांची प्लस बाजू बघा. जुन्याला उंचवटा आणि नवा सपाट असेल, तर डोक्याकडच्या पट्टीभोवती प्लास्टिकची रिंग आहे का पाहा. सेल उलटा बसला तरी सर्किट जळू नये म्हणून ती देतात, पण सपाट सेल तिथे टेकतच नाही.

9900 तर निव्वळ थाप. चांगल्या कंपनीचा 18650 साधारण 3500 पर्यंत जातो आणि वजनाला 45 ग्रॅमच्या आसपास असतो. सोनाराच्या काट्यावर टाकून बघा. चार्जिंगला सेल 45 अंशांच्या आत हवा. आपल्याकडे मे महिन्यात हवाच तेवढी तापते, पत्र्याखाली तर विचारू नका. घरी, सकाळी, डोळ्यांसमोर चार्ज करा.

मूळ प्रश्नकर्ता

रिंग आहे, आणि नवा सेल सपाटच निघाला. काट्यावर 31 ग्रॅम भरला. दुकानदाराला परत करतोय. उंचवट्याचा, प्रोटेक्शनवाला (आत संरक्षक सर्किट असलेला) घेतला तर लांबीला जास्त होऊन झाकण अडेल का? जुना मोजला तर 67 मिलिमीटर आहे.