सॉफ्टनर बदलण्याआधी बायपास तपासा

बारा वर्षांचा सॉफ्टनर (जड पाणी मऊ करणारं यंत्र) घरच्या घरी बदलता येईल का, असं विचारलंय, आणि बहुतेकांनी ‘प्लंबरच बोलवा’ म्हटलंय. बदलता येतो. विश्रामबागेत आमच्याकडे मी आणि मेव्हण्यानं मिळून एका रविवारात केलं. बोअरचं पाणी इतकं जड की गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढलेला.

सॉफ्टनरची टाकी आणि वरचा व्हॉल्व्ह धड असेल तर नुसतं रेझिन (आतले जडपणा शोषणारे दाणे) बदला, बराच खर्च वाचेल. आमचा व्हॉल्व्हच गळत होता, म्हणून सगळंच काढलं. आधी बायपासचे, म्हणजे सॉफ्टनर टाळून पाणी थेट घरात नेणाऱ्या जोडणीचे, कॉक फिरतात का बघा. आमचा मधला जाम होता. जोर लावला तर पाइपच पिळला. शेवटी गच्चीवरच्या टाकीचा कॉक बंद करून तुकडा कापावा लागला. नवीन जोडणीत दोन्हीकडे युनियन (आटे फिरवून सुटणारा पाइपचा जोड) टाकाच, पुढच्या वेळी करवत लागणार नाही.

रेझिन भरताना मधल्या नळीच्या तोंडाला चिकटपट्टी लावा. दाणे आत गेले तर थेट व्हॉल्व्हमध्ये अडकतात. टाकी गच्च भरू नका, वरचा साधारण तिसरा हिस्सा मोकळा हवा. बॅकवॉशला, म्हणजे उलट्या दिशेनं पाणी सोडून धुताना, रेझिन फुलून वर येतं. रेझिन पुन्हा ताजं करायला लागणारं मीठ जाडं, बिनआयोडीनचं घ्या.

पाणी मऊ झालं का ते टीडीएस मीटरनं (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार मोजणारं) तपासू नका. कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या जागी सोडियम येतं, त्यामुळे आकडा जवळपास तोच दिसतो. हार्डनेसचं, म्हणजे जडपणा तपासायचं, किट आणा.

आणि रेझिन धुतल्यावर निघणारं खारं पाणी परसात सोडू नका. आमचा कढीपत्ता त्यातच गेला.